शंभर ग्रॅममागे किती? : अंबाजोगाईहून प्रकल्प नोंदी

६ मे

प्रकल्पाला आज सुरुवात. अंबाजोगाई, धारूर, केज या पट्ट्यात पिकणाऱ्या आणि बाजारात येणाऱ्या फळं, भाज्या आणि तेलकट दाण्यांतले पोषक घटक मोजायचे. पाणी, राख, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, लोह, कॅल्शियम, आणि जमेल तिथे क जीवनसत्त्व.

निमित्त एका महिला बचत गटाचं. गट शेवग्याच्या पाल्याची पावडर करतो आणि शेंगदाण्याचे लाडू. पाकिटाच्या मागे काय छापायचं हे विचारायला गटाच्या अध्यक्षा ताई मागच्या महिन्यात विभागात आल्या होत्या. हातात कुठून तरी मिळालेलं पत्रक : 'संत्र्याच्या सात पट क जीवनसत्त्व, दुधाच्या सतरा पट कॅल्शियम, पालकाच्या पंचवीस पट लोह.' म्हणाल्या, "मॅडम, हे खरं हाय का तेवढं सांगा, मंग छापतो." ज्यांनी हे पत्रक छापलं त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे काय आहे : चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा काटा, ओव्हन, राख करायची मफल भट्टी, तेल काढायचं सॉक्सलेट, प्रथिनांसाठी केल्डाल, रंगाची गडदता मोजणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर. धातू मोजणारं अणुशोषणाचं यंत्र नाही, मिश्रणातला एकेक घटक वेगळा काढून मोजणारं एचपीएलसी नाही. प्रयोगशाळा अधिस्वीकृत नाही, म्हणून पाकिटावरचे आकडे शेवटी मान्यताप्राप्त ठिकाणाहूनच आणावेत, हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आपलं काम, त्या आकड्यांचा अर्थ काय ते गटाला आणि आपल्या वर्गातल्या मुलामुलींना कळावं एवढं.

८ मे

नमुने कसे घ्यायचे यावरच अख्खी दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती. एका गाड्यावरून एक जुडी आणायची आणि 'मेथीत इतकं लोह' असं लिहायचं, याला काही अर्थ नाही. ठरलं ते असं : प्रत्येक वाण निदान चार-पाच विक्रेत्यांकडून थोडा थोडा घ्यायचा, सगळा एकत्र मिसळायचा, ढीग पसरून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. उरेल तो प्रयोगशाळेचा नमुना.

पिशवीवर लिहायचं : गाव, तारीख, पाला कधी तोडला, दाणा असेल तर कुठल्या हंगामाचा. तोडल्याची वेळ विचारली की भाजीवाल्या मावशी आपल्याकडे संशयाने बघतात. "कामून? ताजीच हाय की." पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत सकाळची भाजी आणि कालची भाजी हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

आणखी एक : जो भाग खातो तोच मोजायचा, पण टाकलेल्या भागाचंही वजन लिहून ठेवायचं. साल, देठ, बिया, टरफल. किलोभर विकत घेतलेल्यातलं ताटात किती येतं हे त्याशिवाय कळत नाही.

११ मे

पाण्यापासून सुरुवात. ओव्हन १०५ अंशांवर. उथळ डब्या आधी तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा लागू न देणारं बंद भांडं) थंड करून, त्यांचं वजन. मग नमुना, पुन्हा वजन, ओव्हन, डेसिकेटर, वजन. लागोपाठच्या दोन वजनांत एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक उरला नाही की थांबायचं.

मुलांना हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. "मॅडम, पाणी मोजून काय करायचं? पोषण मोजू ना." पण बाकी प्रत्येक आकडा पाण्यावरच उभा असतो. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी, पालकात ९० टक्क्यांच्या पुढेमागे, वाळलेल्या शेंगदाण्यात ६-७ टक्के. शंभर ग्रॅम काकडी आणि शंभर ग्रॅम शेंगदाणे शेजारी ठेवून तुलना केली तर आपण अर्ध्याहून जास्त तुलना पाण्याचीच करत असतो.

मे महिन्यात इथे वेगळीच अडचण असते. भाजी काट्यावर ठेवली की आकडा स्थिर होतच नाही, डोळ्यांदेखत उतरत जातो. पंख्याखाली तर विचारूच नका. पंखा बंद, खिडकी बंद, डबीला झाकण, आणि घाम पुसत वजन. पाल्याचं वजन बाजारातून आल्या आल्या करायचं, चहा नंतर.

१२ मे

दुपारभर वीज नव्हती. ओव्हनमधल्या डब्या तशाच. उद्या पुन्हा.

१७ मे

स्निग्धांश. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा नुकत्या निघाल्यात, वाळवून फोडलेले दाणे आणले. शिवाय तीळ, कारळे, आणि बाजारातली सोललेली गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. गोडंबी सोललेलीच घ्यायची असं मुलांना बजावलं. बिब्ब्याच्या कवचातलं तेल हाताला लागलं की फोड येतात. फोडणाऱ्या बायका हाताला तेल चोपडून बसतात ते उगाच नाही.

दाणे मिक्सरमध्ये सरळ फिरवले तर पूड होत नाही, लगदा होतो, आणि भांड्याला चिकटलेलं तेल हिशेबातून जातं. म्हणून दाणे आधी फ्रीजरमध्ये कडक करायचे, मिक्सर थांबून थांबून फिरवायचा, भरड पूड झाली की पुरे.

खरी गोष्ट पुढे. सॉक्सलेटचं काम सोपं आहे : खाली फ्लास्कमध्ये पेट्रोलियम ईथर उकळतं, वाफ बाजूच्या नळीतून वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन कागदी थिंबलमधल्या (नळकांड्यातल्या) पुडीवर थेंब थेंब पडते, वरचं भांडं भरलं की सायफन होऊन सगळं खाली येतं, आणि येताना तेल घेऊन येतं. तासन्तास हेच चक्र. पण कंडेन्सरमधून सतत थंड पाणी वाहायला हवं. पुस्तकात लिहिलंय 'नळ सुरू करा'. पुस्तक लिहिणाऱ्याचा नळ रोज येत असावा. इथे पाणी जपून वापरायचं, आणि त्यात मे महिना. प्रयोगशाळेतल्या मामांनी नळाखाली हात धरला आणि म्हणाले, "मॅडम, गच्चीवरल्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखं यायलंय." असल्या पाण्याने ईथरची वाफ काय थंड होणार? ती कंडेन्सरच्या तोंडातून बाहेर पडते. वास तर येतोच, आणि आगीची भीती वेगळी.

तोडगा मामांचाच. विभागातल्या जुन्या कूलरचा पंप काढला, मोठ्या बादलीत सोडला, नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला, वरच्या तोंडातून पाणी परत बादलीत. रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणला, गोणपाटात गुंडाळून बादलीत. तेच पाणी दिवसभर फिरत राहिलं. ईथरही ४०-६० अंशांचं न घेता ६०-८० अंशांना उकळणारं घेतलं, आणि गरम करायला पाण्याचं भांडं ठेवलं, उघडी शेगडी नाही. संध्याकाळपर्यंत सायफन व्यवस्थित चालू होता. बर्फाचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं यावर कार्यालयात चर्चा झाली. 'रसायने व इतर' मध्ये टाकलं.

फ्लास्कमधलं ईथर उडवून, फ्लास्क ओव्हनमध्ये ठेवून, वजन. शेंगदाण्याचा आकडा अन्नघटकांच्या तक्त्यांत दिसतो तसाच, चाळीस टक्क्यांच्या जवळ. गोडंबी त्याच्याही वर गेली.

२१ मे

प्रथिनं. केल्डालची पद्धत १८८३ सालची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती बिअरच्या बार्लीसाठी काढली, आणि आपण तिच्यावर अजून अंबाजोगाईत शेंगदाणे मोजतोय. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, सोबत पोटॅशियम सल्फेट आणि थोडं मोरचूद. काळाकुट्ट रस हळूहळू फिकट होत निळसर हिरवा, नितळ होतो. तेवढ्यात प्रथिनांतला सगळा नायट्रोजन अमोनियम क्षारात जातो. मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने बोरिक आम्लात पकडायचा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करायचा, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल घालून मोजायचा.

आजचा हिशेब मुलींनी फळ्यावर मांडला तो इथे उतरवून ठेवते. नमुना ०.५ ग्रॅम, आम्ल ०.१ नॉर्मल, ब्लँक (नमुन्याशिवायचं रीडिंग) वजा जाता ब्युरेटचं रीडिंग १५.६ मिली. १५.६ × ०.१ × १.४००७ ÷ ०.५ = ४.३७ टक्के नायट्रोजन. इथपर्यंत सगळं मोजलेलं. पुढे नायट्रोजनला गुणक लावून प्रथिनं काढायची, आणि इथे वाट फुटते. नेहमीचा गुणक ६.२५, प्रथिनात १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून काढलेला. त्याने उत्तर येतं २७.३ टक्के. पण शेंगदाण्याच्या प्रथिनांत नायट्रोजनचं प्रमाण त्याहून जास्त असतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जोन्स यांनी १९३१ साली वेगवेगळ्या पदार्थांचे गुणक मांडले, त्यात शेंगदाण्याचा ५.४६ आणि बदामाचा ५.१८. त्याने शेंगदाण्याचं उत्तर २३.९.

एकच दाणा, एकच ब्युरेट, आणि साडेतीन टक्के प्रथिनं नुसत्या गुणकामुळे वाढली किंवा गेली. 'हाय प्रोटीन' छापणारा यातला कुठला गुणक घेईल हे सांगायला नको.

शिवाय केल्डालला प्रथिन दिसतच नाही, फक्त नायट्रोजन दिसतो. २००८ साली चीनमध्ये दूध पावडरीत मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या धंद्यातलं रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन आहे. हे सांगितल्यावर वर्ग एकदम जागा झाला.

२४ मे

मफल भट्टी ५५० अंशांवर. दाण्यांची पूड आधी शेगडीवर हळू जाळून काळी करून घ्यायची, नाहीतर तेल पेट घेतं आणि राख उडून जाते. राख पांढुरकी हवी. काळे ठिपके राहिले तर थंड करून दोन थेंब पाणी, वाळवून पुन्हा भट्टीत.

२ जून

कर्बोदकं. ती आम्ही मोजत नाही. शंभरातून पाणी, राख, प्रथिनं, स्निग्धांश वजा जाता जे उरतं ते कर्बोदकं. म्हणजे आधीच्या चारही मोजण्यांत जी काही गडबड असेल ती सगळी निमूटपणे या रकान्यात येऊन बसते. तक्त्यातला सगळ्यात कमी विश्वासाचा आकडा हा, आणि मधुमेहाचा रुग्ण नेमका तोच बघतो.

ऊर्जेचाही हिशेबच, ग्रॅममागे : प्रथिनं ४, स्निग्धांश ९, कर्बोदकं ४ किलोकॅलरी. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटवॉटर यांचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे गुणक. कवचफळांना ते नीट बसत नाहीत. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अभ्यासात लोकांना बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा औंसभर (साधारण २८ ग्रॅम) बदामातून १७०च्या आसपास नव्हे तर १२९ किलोकॅलरीच हाती लागल्या. बदामातलं बरंच तेल पेशींच्या भिंतींत अडकून तसंच बाहेर पडतं. सॉक्सलेट मात्र ते सगळं ओरबाडून काढतं. यंत्राचं पोट आणि माणसाचं पोट एक नाही.

७ जुलै

पाऊस बरा झाला. बाजारात रानभाज्या आल्यात : घोळ, पाथरी, तरोटा, कर्टुली. मुलं खूश, कारण आता लोह मोजायचं आणि त्यात रंग येतो. दमट हवेने डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल एका रात्रीत गुलाबी झालं. ओव्हनमध्ये भाजून परत निळं केलं.

९ जुलै

या नोंदीला जागा जास्त लागणार.

लोहाची पद्धत : राख हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, हायड्रॉक्सिलअमाइनने सगळं लोह फेरस रूपात आणायचं, फिनॅन्थ्रोलिन घालायचं. लोह जितकं जास्त तितका नारिंगी-तांबडा रंग गडद. ५१० नॅनोमीटरला मोजायचं आणि माहीत असलेल्या द्रावणांच्या आलेखावर बसवायचं.

घोळ ही जमिनीला चिकटून पसरणारी भाजी. पाऊस पडला की काळ्या मातीचे शिंतोडे सगळे तिच्या पानांवर. एकाच ढिगाचे तीन भाग केले. एक तसाच. दुसरा घरात धुतात तसा, पातेल्यात दोनदा खळबळून. तिसरा वाहत्या पाण्यात पान पान सोडवून, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने. चिरायला प्लॅस्टिकची सुरी घेतली, कारण लोखंडी विळीचं लोह आपल्याला मोजायचं नव्हतं.

न धुतलेल्याचा रंग इतका गडद आला की आलेखाच्या बाहेर गेला, पातळ करून पुन्हा मोजावा लागला. दोनदा धुतलेला मध्ये. तिसरा सगळ्यात फिका, तक्त्यातल्या पालेभाजीला शोभेल असा. शंका नको म्हणून तिन्ही राखा आम्लात उकळून गाळल्या. मातीची वाळू आम्लात विरघळत नाही. पहिल्या गाळणकागदावर बोटाला कचकच लागेल इतकी वाळू होती, तिसऱ्यावर जवळपास काहीच नाही.

आपली माती बसाल्टची, दख्खनच्या लाव्ह्याची, लोहाने भरलेली. चिमूटभर माती पानाला राहिली तरी ती पानाच्या स्वतःच्या लोहाला झाकून टाकते. 'रानभाजीत अमुक पट लोह' असं वाचलं की मी आधी बघते की भाजी कशी धुतली होती ते लिहिलंय का. बहुतेक वेळा नसतं.

एका मुलाने बरोबर मुद्दा काढला : "मॅडम, घरी तर दोनदाच धुतात. मग पोटात जातं ते मधलंच रीडिंग ना?" पोटात जातं हे खरं. पण मातीतलं ऑक्साइडच्या रूपातलं लोह शरीर फारसं घेत नाही. म्हणून तक्त्यात तिसरं रीडिंग जाईल, आणि शेजारी धुण्याची पद्धत लिहिली जाईल. मधलं रीडिंगही वहीत राहू दे. ज्या गावात हंडाभर पाण्यात सगळं भागवायचं तिथे भाजी पान पान सोडवून कोण धुणार?

१५ जुलै

पालकाचं कॅल्शियम. ऑक्झॅलेटच्या रूपात खाली बसवून परमँगनेटने टायट्रेशन. गंमत अशी की जे आपण परीक्षानळीत मुद्दाम करतो ते पालकाच्या पानात आधीच झालेलं असतं. पालकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला जखडलेलं. दुधातलं साधारण ३० टक्के अंगी लागतं, पालकातलं ५ टक्क्यांच्या आसपास. राख करताना ऑक्झॅलेट जळून जातं, त्यामुळे आपल्या आकड्यात ही कैद दिसतच नाही. तक्त्याखाली तळटीप घालायची.

२ ऑगस्ट

शेवग्याची पावडर. गटाने सावलीत वाळवलेली, बारीक, हिरवीगार. सोबत त्याच झाडांचा ताजा पाला आणि बाजारातला पालक.

ताज्या पाल्यात पाऊण भागाहून अधिक पाणी, पावडरीत ७-८ टक्के. म्हणजे किलोभर पावडरीला जवळपास चार किलो पाला लागतो. वाळवल्याने झाडपाल्यात काही नवीन लोह येत नाही, फक्त पाणी जातं आणि उरलेलं दाट होतं.

आता पत्रकातले 'पंचवीस पट'. भारतात अन्नघटकांचे तक्ते जिथे होतात ती संस्था १९१८ साली कुन्नूरला ब्रिटिश डॉक्टर मॅककॅरिसन यांच्या छोट्याशा संशोधन केंद्रातून सुरू झाली, पुढे हैदराबादला आली, आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. (हैदराबाद म्हणजे मराठवाड्याला काही परकं नव्हे, निजामाच्या वेळी सगळे कागद तिकडेच जायचे.) तिच्या जुन्या तक्त्यात पालकाचं लोह शंभर ग्रॅमला १.१४ मिलिग्रॅम. २०१७च्या नव्या तक्त्यात ते ३ मिलिग्रॅमच्या जवळ. शेवग्याच्या पावडरीचा सगळीकडे फिरणारा आकडा २८च्या आसपास. २८ला १.१४ने भागा : पंचवीस. आकडा इथूनच आला असावा असं मला वाटतं. आणि नव्या तक्त्याने भागा : नऊ-साडेनऊ.

तेही सोडा. पावडर वाळलेली आहे, पालक ओला. पालक वाळवला तर? ९० टक्के पाणी गेलं की शंभर ग्रॅमचे दहा ग्रॅम उरतात, आणि ३ मिलिग्रॅम त्या दहात. म्हणजे शंभर ग्रॅम वाळलेल्या पालकात तीसेक मिलिग्रॅम लोह. शेवग्याच्या पावडरीइतकंच, चिमूटभर जास्तच. आम्ही दोन्ही सुकवून शेजारी शेजारी मोजलं. दोन क्युव्हेटमधला (मोजायच्या छोट्या नळ्यांतला) रंग नुसत्या डोळ्यांनी वेगळा ओळखू येईना.

पत्रकाची खरी चलाखी वेगळीच आहे. लोह आणि कॅल्शियम पावडरीचं घेतलंय, कारण तिथे ते दाट दिसतं. क जीवनसत्त्व मात्र ताज्या पाल्याचं, कारण वाळवताना ते उडून जातं. एकाच पाकिटावर दोन वेगळ्या पदार्थांचे आकडे.

३ ऑगस्ट

ताज्या पाल्याचं आणि पावडरीचं क जीवनसत्त्व. पाला सकाळी तोडून आणला आणि लगेच ऑक्झॅलिक आम्लात वाटला, नाहीतर हवा लागून घटतं. डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉलचं निळं द्रावण (५२ मिलिग्रॅम रंग, ४२ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा, २०० मिली पाणी) ब्युरेटमध्ये. खाली आम्लात ते गुलाबी दिसतं. क जीवनसत्त्व असेतोवर थेंब पडला की रंग नाहीसा. फिकट गुलाबी छटा काही सेकंद टिकली की थांबायचं. हिरव्या अर्कात गुलाबी छटा ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवली, दोघींनी वेगवेगळी रीडिंगं घेतली.

ताज्या पाल्याने ब्युरेट भरभर रिकामी केली. पावडरीच्या अर्कात पहिल्या काही थेंबांतच गुलाबी रंग टिकला.

१४ ऑक्टोबर

धारूरची सीताफळं. बालाघाटाच्या उतारावरची, डोळे उघडलेली, भौगोलिक मानांकनवाली. आधी गर, साल, बिया वेगळ्या. गर निम्म्यालाही पोचत नाही. बीपासून गर सोडवायला जो वेळ लागतो तो कुठल्याही पद्धतीत लिहिलेला नसतो, आणि मुलं गर खातात तो तोटाही.

पाणी काढताना मात्र ओव्हनने दमवलं. १०५ अंशांवर वजन थांबेचना. गर तांबूस, मग तपकिरी, खोलीभर साखर जळल्याचा वास. फळातली साखर, विशेषतः फ्रुक्टोज, या तापमानाला विघटित होऊन स्वतःच पाणी सोडते. ते पाणी फळाचं नव्हे. अशा गोड फळांना ७० अंश आणि निर्वात ओव्हन लागतो. आपल्याकडे तो नाही. धुतलेली वाळू मिसळून गर पातळ पसरला आणि ७० अंशांवर दीर्घकाळ ठेवला. वहीत 'अंदाजे' असा शेरा. जालन्याच्या मोसंबीलाही हेच करणार.

२८ नोव्हेंबर

आवळे आले. जुन्या तक्त्यात आवळ्याचं क जीवनसत्त्व शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम, नव्यात २५२. आवळा तोच. वाण, पिकलेपणा, साठवण याने फरक पडतोच, पण मोजायची रीतही बदलली आहे. नव्यात एचपीएलसी, जे क जीवनसत्त्वाला वेगळं काढून मोजतं. आपलं निळं द्रावण तितकं चोखंदळ नाही. रंग घालवणारा दुसरा कुठलाही क्षपणक पदार्थ असला तर तोही क जीवनसत्त्व म्हणून मोजला जातो, आणि आवळ्यात तुरट द्रव्यं भरपूर. म्हणून आपलं रीडिंग वहीत 'रंगद्रव्य पद्धतीने' असं लिहूनच.

एवढं होऊनही २५२ म्हणजे भरपूरच आहे. मोरावळा मात्र पुढच्या वर्षी. उकळण्यात किती जातं ते बघायचंय.

१९ डिसेंबर

गटाची बैठक विभागातच घेतली. बारा-पंधरा जणी, सोबत दोन लेकरं. आकडे फळ्यावर मांडले. शंभर ग्रॅम पावडर कुणी खात नाही, म्हणून चमचा मोजला. पावडर इतकी हलकी की सपाट चमच्यात दोन-अडीच ग्रॅमच मावते. त्यात लोह एक मिलिग्रॅमही नाही. २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. कॅल्शियमचं चित्र बरं आहे, प्रथिनंही पावडरीच्या मानाने चांगली. पण चमचाभरच.

एकजण म्हणाली, "मंग आमी एवढं वाळवलं कशाला? ताजाच पाला भाजीत घालावा की." घालावाच. वाटीभर ताज्या पाल्याची भाजी चमचाभर पावडरीपेक्षा कितीतरी जास्त देते, आणि क जीवनसत्त्वही काही उरतं. पावडर उन्हाळ्यात पाला मिळत नाही तेव्हासाठी, किंवा शहरातल्या माणसासाठी.

अध्यक्षा ताईंची अडचण वेगळी. बाजारात दुसऱ्या पाकिटांवर 'पंचवीस पट' आहे, आपल्यावर नसेल तर गिऱ्हाईक ते उचलणार. यावर बराच वेळ घासाघीस झाली. मी आकडे देऊ शकते, गिऱ्हाईक नाही. शेवटी ठरलं : 'पट' काढायचं; 'एका चमच्यात' असा छोटा तक्ता छापायचा; तोडणी ते वाळवणी किती वेळात हे लिहायचं, कारण गटाचं तेच खरं वैशिष्ट्य आहे. दोघी-तिघींना हे पटलेलं नाही. पहिली खेप विकून बघू म्हणाल्या.

शेंगदाण्याच्या लाडवांवर एकमत झालं. प्रथिनांना ५.४६चाच गुणक लावून आकडा कमी लिहायचा, असं त्यांनीच सुचवलं.

पुढचं : पावडर आणि लाडू दोन्हींचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, सोडियम, एकूण साखर, संपृक्त स्निग्धाम्लं आपल्याला जमत नाहीत, ती तिकडून. जानेवारीत बोरं आणि हुरडा. फिनॅन्थ्रोलिन संपत आलंय, पेट्रोलियम ईथर एकच बाटली, मागणीपत्र सोमवारी. कूलरचा पंप मामांनी पुसून कपाटात ठेवलाय, 'सॉक्सलेट' अशी चिठ्ठी लावून, म्हणजे कुणी कूलरला लावणार नाही.